पत्त्याचं माप घेणारा एलिसेओ

एलिसेओ पालावेसिनोचा दिवस साडेनऊला उजाडायचा. तुकुमानमधल्या आमच्या साखर कारखान्यात पहिली पाळी पाचला लागे. हा येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातात आणि नळी तोंडात धरून फाटकातून डुलत येई, तोवर आमचा घाम एकदा येऊन वाळलेला असे. मी गाळपाच्या रोलरांवर फिटर होतो. घरं शेजारी-शेजारी. पाळीला निघताना त्याचं घोरणं मला भिंतीतून ऐकू यायचं.

वजनकाटा ज्या प्रोग्रामवर चाले, तो त्याच्या ताब्यात होता. प्रोग्राम सी भाषेतला, लिहिणारा केव्हाच वारलेला. एलिसेओची त्यात धड एक ओळ नव्हती; पण बोलायचा असा की ऊसही हाच लावतो असं वाटावं.

एका वर्षी काट्यासाठी नवा संगणक आला आणि त्यावर जुना प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बांधला जाईना. मजकूर एका डब्यातून दुसऱ्यात ओतणारं एक जुनं फंक्शन त्यात शेकडो ठिकाणी होतं, आणि नव्या यंत्रानं ते मोडीत काढलं होतं. जुनं फंक्शन डबा केवढा आहे हे विचारतच नसे. ओतत सुटे, सांडलं तर सांडलं. नवं आधी डब्याचं माप मागे. म्हणजे काम असं की प्रत्येक ठिकाणी जायचं, डबा बघायचा, माप लिहायचं. कंटाळवाणं काम. बहुतेक कामं तशीच असतात.

एलिसेओनं आवरण केलं. जुन्याच नावाचं स्वतःचं फंक्शन लिहून त्याच्या पोटात नवं बसवलं, म्हणजे बाकी प्रोग्रामला हात लावायला नको. यात गैर काही नाही. जुना शाफ्ट नव्या बेअरिंगमध्ये बसवायचा तर आम्हीही मध्ये बुश घालतो. पण बुश कातण्याआधी शाफ्ट मोजावा लागतो. ह्यानं माप बाहेरून मागवायचं सोडून आवरणाच्या आतच घेतलं. सी भाषेत आत डबा पोचत नाही, डब्याचा नुसता पत्ता पोचतो. ह्यानं पत्ता मोजला. पत्ता आठ अक्षरांच्या जागेचा. त्यातलं एक घर मजकूर संपल्याच्या खुणेला जातं. डबा केवढाही असो, मजकूर सात अक्षरांवर तुटणार. यंत्रानं तसा इशारा दिला. एलिसेओनं इशारे यायचेच बंद केले आणि दुपारची झोप काढायला घरी आला.

संध्याकाळी कुंपणावरून मी विचारलं, तपासून पाहिलंस का.

"तपासायचं काय त्यात? बांधला गेला म्हणजे झाला," तो म्हणाला. "तुझ्या रोलरांसारखं नसतं ते, म्हाताऱ्या. इथे ग्रीस लागत नाही."

पुढे कळलं, तपासलं होतं म्हणे, एकदा. 'चाचणी' हाच शब्द टाकून. आमच्या स्पॅनिशमध्ये तो सहा अक्षरांचा आहे, म्हणजे तुटायचा प्रश्नच नाही.

हंगाम सुरू झाला. काट्यावर टाकायच्या प्रत्येक ऊसवाल्याच्या ओळखखुणेत आधी सात अक्षरं हंगामाची आणि वस्तीची, मग त्याचा स्वतःचा क्रमांक. तो क्रमांकच गळून पडला. उरलेल्या सात अक्षरांवर प्रोग्राम वस्तीतलं पहिलं नाव उचलायचा. एल सेइबो वस्तीत पहिलं नाव दोन्या एर्मिनिया काराबाखाल हिचं. विधवा बाई, चार वाफे ऊस. खोडवा थकलेला, या पिकाच्या पैशातून नवं बेणं लावायचं, नाहीतर रान पडीक. वस्तीचा सगळा ऊस तिच्या नावावर चढला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा कोटा भरला. तिची पहिली ट्रॉली फाटकावर आली तेव्हा काट्यावरच्या कारकुनानं सांगितलं, तुमचा ऊस येऊन गेला.

"माझा ऊस मागे उभा आहे, बाबा," ती म्हणाली. "मीही इथेच उभी आहे. मग येऊन गेलं ते कोण?"

रांगेतले हसले. साहेबानं एलिसेओला विचारलं. त्यानं खुर्चीतून न उठता सांगितलं, म्हातारीची मोजणी चुकली असेल. साहेबाला तेवढं पुरलं. साहेबालाही खुर्ची होतीच.

वस्तीतले बाकीचे आपला ऊस कुठे गेला म्हणून ओरडत आले, तेव्हा कुठे त्यानं प्रोग्राम उघडला. मग शेकडो ठिकाणी जाऊन मापं घालणं आलंच. जे आधी टाळलं तेच. त्या आठवड्यात तो आमच्याबरोबर पाचला फाटकावर असे. बोटं दुखतात म्हणाला.

बाकीच्यांचा हिशेब ट्रॉलीवाल्यांच्या पावत्यांवरून सुधारला. एर्मिनियाचा ऊस काट्यावर चढलाच नव्हता. तोडलेला ऊस उन्हात आंबला, प्रयोगशाळेनं नाकारला. न मोजलेल्या उसाचे पैसे देत नाहीत, म्हणून कारखान्यानं हात झटकले. एलिसेओला मात्र ठेवलं. मेलेल्या माणसाचा प्रोग्राम वाचणारा दुसरा कोण मिळणार?

ती त्याच्या दारी आली. मी अंगणातच होतो. आवाज चढवला नाही तिनं.

"तुझ्या यंत्रात मी दोन दिवस श्रीमंत होते ना, पोरा? मग बेणं तिथूनच आणून दे."

यंत्र असं करतं कधीकधी, असं काहीसं तो पुटपुटला. ती उंबऱ्यावर बसली. अंधार पडला तरी बसलीच होती. शेवटी तो हो म्हणाला.

त्या हंगामाचा त्याचा सगळा पगार बेण्यात आणि ते वाहून आणणाऱ्या ट्रॉलीत गेला. ट्रॉली आली तेव्हा मी उतरवायला गेलो होतो. एर्मिनिया एकेक टिपरी हातात फिरवून पाहत होती. ज्यांचे कोंब फुटायचे डोळे मेलेले होते त्या तिनं वेगळ्या रचल्या आणि बदलून आणायला एलिसेओला त्याच ट्रॉलीवर परत पाठवलं.