बुधवारचे पाय

“मावशी, पाय जरा पुढे घ्या,” मी म्हणालो, तर मावशींनी दोन्ही पाय साडीत ओढून घेतले.

“नको भाऊ. लय धूळ हाय. आन् तुमी कशाला हात लावता? चांगलं दिसत नाय.”

“अहो, माझं कामच ते आहे. पायाला हात लावल्याशिवाय चप्पल कशी देऊ?”

ही गोष्ट नाशिकच्या मेन रोडवरची, साल ऐंशीच्या आसपासचं. बूट-चपलांच्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानाचा मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे केबिनमध्ये बसणारा नव्हे. आमच्याकडे फिटिंग स्टूल असायचं. बुटकं स्टूल, पुढे उतरती फळी. गिऱ्हाईक खुर्चीवर, आपण स्टुलावर, त्याचा पाय फळीवर. वीस वर्षं मी लोकांना असा खालून वर बघत आलो. माणूस कसा आहे ते खालून जास्त चांगलं कळतं.

मावशींचं नाव मंजुळाबाई. मखमलाबादला त्यांचा मळा होता. दर बुधवारी गोदाकाठच्या बाजारात त्या झेंडू, शेवंती आणि मेथी विकायला बसत. जावई ओझरच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या कॉलनीत लेकीने हळदीकुंकू ठेवलं होतं आणि आईला बोलावलं होतं. त्यासाठी मंजुळाबाईंना आयुष्यातली पहिली पट्ट्याची चप्पल हवी होती.

मी साइज-स्टिक लावली. ही लाकडी पट्टी पायाची लांबी दाखवते. नंबर आला पाच. पाच नंबर काढला, पाय अर्ध्यात अडकला. सहा काढला, तेच. सात हा आमचा लेडीज शेवटचा नंबर. त्यात टाचेमागे दोन बोटं जागा मोकळी आणि पुढे पंजा पट्ट्याबाहेर!

आमचा सेल्समन गणपत कुजबुजला, “साहेब, जेन्ट्स दाखवू का?”

गणपतची कुजबुज पार रविवार कारंजाच्या चौकापर्यंत ऐकू जायची. मंजुळाबाई ताडकन उठल्या.

“पुरुषाचा जोडा घालून लेकीच्या दारात जाऊ व्हय रे? आगाऊ कुठला!” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं नाय भाऊ. माझा पायच वाईट हाय. सारा जन्म वावरात उघडा फिरला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मावशी, पायाला नावं ठेवायची नाहीत. पाय चांगला आहे. आमची चप्पल वाईट आहे,” मी म्हणालो.

गणपत बघतच राहिला. भर शोरूममध्ये मॅनेजरच कंपनीच्या मालाला वाईट म्हणतोय! पण मला राहवलं नाही. माझ्या आजोबांना गावातून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, मी या नोकरीला लागलो, तेव्हा वडील म्हणाले होते, “लोकांच्या पायाशी बसायची नोकरी कशाला रे?” मी म्हणालो होतो, “आबा, माझ्या दुकानातून कुणी वहाणा हातात घेऊन जाणार नाही. पायात घालून जाईल.” आणि इथे मंजुळाबाई आल्या तशाच अनवाणी निघून गेल्या.

त्या एकट्या नव्हत्या. दर बुधवारी बाजार उरकला की दुकान गच्च भरायचं. मळेवाले यायचे, भाजीवाल्या यायच्या. कनवटीला पैसे असायचे, घ्यायची इच्छा असायची. तासभर बघायचे आणि रिकाम्या हाती जायचे. आम्हीही पूर्वी एक पाप केलेलं. पंजा मावत नाही म्हणून एक नंबर मोठा गळ्यात मारायचा. तो माणूस घाटाच्या पायऱ्यांवर फटाक फटाक करत अडखळायचा आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायचा नाही.

तेवढ्यात मुंबईहून सेल्स मॅनेजर सामंतसाहेब तपासणीला आले. नेमका बुधवार. गर्दी बघून आधी खूश झाले. संध्याकाळी विक्री बघितली आणि तोंड कडू झालं.

“पगारे, हे लोक बघायला येतात, घ्यायला नाही. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला पायावर खर्च करायची सवयच नाही. उगाच गालिचे मळवतात. पुढच्या महिन्यापासून साप्ताहिक सुट्टी सोमवारऐवजी बुधवारी घ्या.”

“साहेब, बुधवारी बाजार असतो.”

“म्हणून तर सांगतोय.”

“सवयीचा प्रश्न नाही साहेब. चप्पल अरुंद आहे. पाय मावत नाहीत.”

“सगळ्या देशात मावतात, तुमच्याच नाशिकात मावत नाहीत? ऑर्डर लेखी येईल. पाळली नाहीत तर बदलीची तयारी ठेवा.”

ऑर्डर आली. मी ती घडी घालून खिशात ठेवली आणि बुधवारी सकाळी शटर वर केलं. दाराशी एक बादली पाणी, तांब्या आणि जुना टॉवेल ठेवला. लोक धुळीच्या पायांना लाजतात, तर पाय धुऊन घेऊ देत की! गालिच्याची चिंता साहेबांना.

गणपत म्हणाला, “साहेब, तुमची बदली होईल, आणि माझी तर नोकरीच जाईल.”

“तू सुट्टीवर आहेस असं लिहितो. घरी जा.”

“छे! मग मज्जा कोण बघणार?” असं म्हणून त्यानेच पेन्सिलीला टोक काढलं.

खोकी गुंडाळायचा तपकिरी कागद आम्ही जमिनीवर पसरला. जो येईल त्याचा पाय कागदावर, पेन्सिल उभी धरायची आणि पायाभोवती रेघ मारायची. साइज-स्टिक फक्त लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. कागद दोन्ही सांगतो. सुरुवातीला लोक बिचकले. गिरणारे गावचा एक म्हातारा म्हणाला, “अंगठा घेतेत ते म्हाईत हाय. हे आख्खं पाऊलच घेऊन ऱ्हायलेत! जमीन लिहून घेता का काय?” सगळं दुकान हसलं. मग मात्र रांग लागली.

मंजुळाबाई बाजारात होत्या, पण दुकानात येईनात. मीच कागद घेऊन त्यांच्या फुलांच्या ढिगाशी गेलो.

“चप्पल हाय का आणली?”

“नाही. आधी पाय द्या, मग चप्पल येईल.”

“येडा हाय का काय ह्यो बाबा,” त्या शेजारणीला म्हणाल्या. पण पाय दिला.

असे तीन बुधवार गेले. मग कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि मुंबईच्या हेड ऑफिसला धडकलो. सामंतसाहेबांच्या हातात माझ्यासाठी मेमो तयार होता. मेमो म्हणजे लेखी जाब.

“बुधवारी दुकान उघडं का ठेवलंत?”

“सांगतो.” मी गुंडाळी सोडली. केबिनभर पाय पसरले. “साहेब, बूट काढा.”

“काय?”

“बूट काढा आणि यावर पाय ठेवा. मग मेमो द्या.”

साहेब लालबुंद झाले. कोपऱ्यात कारखान्याचे जुने लास्ट-मास्तर बसले होते. लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर बूट-चप्पल बेततात. लास्ट अरुंद तर सगळा माल अरुंद. मास्तरांनी स्वतःचा बूट काढला आणि मंजुळाबाईंच्या कागदावर पाय ठेवला. मास्तरांचा पाय पुढे बोटभर जास्त लांब, पण पंजाच्या दोन्ही बाजूंना रेघेपर्यंत कागद मोकळाच दिसत होता.

“कुणाचा पाय हा?” त्यांनी विचारलं.

“फुलं विकणाऱ्या बाईंचा. लेडीज पाच.”

मास्तर गुडघे टेकून एकेक कागद बघत गेले. “सामंतसाहेब, आपले लास्ट विलायती मापावरचे. जन्मभर बुटात दाबलेल्या पायांचे. हे पाय कधी दाबलेलेच नाहीत. बोटं मोकळी वाढलीत. निरोगी पाय म्हणतात तो हा. लास्ट पुढून रुंद केला तर काम होईल.”

“एका शाखेसाठी?”

मी म्हणालो, “साहेब, अनवाणी चालणारे काय फक्त नाशिकात राहतात?”

साहेबांनी मेमो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी सही करून घेतला. माझी वार्षिक पगारवाढ थांबली. मास्तरांनी मात्र सगळे कागद नीट गुंडाळून स्वतःच्या काखेत घेतले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला एक मोठं खोकं आलं. आत रुंद पंजाच्या चपला, लेडीज आणि जेन्ट्स. त्यातला लेडीज पाच नंबरचा डबा उचलला आणि मी सरळ गोदाकाठी गेलो. फिटिंग स्टूलही उचलून नेलं. मंजुळाबाईंसमोर, झेंडूच्या ढिगाशेजारी, भर बाजारात स्टूल मांडून बसलो.

“इथं? अरे, लोकं बघतील!”

“बघू देत.”

तांब्यातलं फुलांवर शिंपडायचं पाणी त्यांनी पायांवर ओतलं, पदराने पुसले. चप्पल घातली. पंजा मावला. टाच बसली. त्या उभ्या राहिल्या, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

मी चाचरत विचारलं, “हळदीकुंकू तर होऊन गेलं असेल ना, मावशी?”

“झालं की. गेले हुते.”

“अनवाणी?”

“त्याचं काय यवढं? आत समद्याच अनवानी. चपला दारातच काढायच्या असत्यात.” त्या चपलेकडेच बघत होत्या. “पन भाऊ, दारात ओळीनं समद्यांच्या हुत्या. माझीच नव्हती.”

मी उगाच पट्टा आवळत बसलो.

“आता पुढल्या साली जाईन,” त्या म्हणाल्या, “आन् मधोमध काढीन. बघू कोन सरकवतं!” मग लगेच आवाज बदलला. “भाव कमी करा काय तरी.”

“कंपनीचा भाव एकच असतो मावशी.”

“मग बरी मेथी फुकट मागता तुमी शहरातले!”

त्या बुधवारी खोकं संध्याकाळच्या आत रिकामं झालं. मी सामंतसाहेबांना एका ओळीचं पत्र टाकलं: माल संपला, आणखी पाठवा. पुढची खोकी आली, पण बुधवारच्या सुट्टीबद्दल साहेबांनी पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. मेमोही मागे घेतला नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. गिऱ्हाईक खर्च करत नाही असं कुणी म्हणालं, की त्या म्हणणाऱ्याला आधी खाली, फिटिंग स्टुलावर बसवावं.