मास्तरांचा नवा नियम

माझ्या वरच्या खोलीतले कम्प्युटरचे मास्तर प्रत्येक वाक्य "तसं न्हाई, आजी" असं सुरू करतात. दुष्काळात गल्लीच्या टँकरची यादी त्यांच्याकडे आली. जुना प्रोग्रॅम नाव-आडनाव सारखं दिसलं की दोन घरांची टँकरकार्डं एकच धरायचा. मास्तरांनी घर नंबरही बघायचा नवा नियम लिहिला. तरी शेजारच्या कमलचं नाव कापलं गेलं, कारण त्याच नावाची दुसरी बाई गल्लीत होती. चार दिवस कमलला पाणी नाही.

"तसं न्हाई, आजी. माझा नियम 'टँकरकार्ड' म्हणून विचारलं तरच लागतो. मशीन मात्र समोरचं नुसतं 'कार्ड' समजून विचारतं, मग मुकाट्यानं जुनाच नियम चालतो."

"म्हंजे सून आली, पण सैपाक अजून सासूच करून राहिली."

मास्तरांनी आपल्या वाट्याच्या दोन घागरी उचलून कमलच्या दारात ठेवल्या.

"हे कोणत्या कार्डावर, मास्तर?" कमलनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घागरी आत नेल्या.