फ्लोटची पिन

काल दारव्ह्याच्या पंपावर कुणाच्या तरी टाकीतून पेट्रोल सांडलं आणि त्या वासासरशी मला बोरी अरबचं आमचं अंगण आठवलं.

माझे यजमान घरीच मोटारसायकलींचे झिजलेले कार्बोरेटर उघडून दुरुस्त करायचे. त्या दुपारी त्यांनी जुन्या ताटलीतल्या पेट्रोलात सगळे भाग धुतले, पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात फुंकर मारून ते उजेडाकडे धरून पाहिलं. ज्यांची गाडी होती ते सलीमभाई बाजेवर चहा पीत होते. शेवटी फ्लोटची, म्हणजे आत पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची, सुईएवढी पिन तेवढी बसवायची राहिली. ती यजमानांच्या बोटांतून निसटली. त्यांनी उचलली, पुन्हा निसटली. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि हे वाढतच जाणार, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सलीमभाईंनी मान दुसरीकडे फिरवली.

"तू लाव," यजमान मला म्हणाले. "माह्यानं नाही होऊन राह्यलं."

मी पदराला हात पुसून पिन बसवली. कार्बोरेटर परत गाडीला लावला, तशी ती दुसऱ्या किकला सुरू झाली.

"जमलं ना जी," मी हसून म्हटलं. "आता दोघं मिळून करत जाऊ."

"हो, करू," म्हणाले आणि ताटलीतल्या काळ्या पेट्रोलकडे पाहत राहिले.

आपण त्यांना आधार दिला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्यांचं काम संपलं हे त्यांना त्याच घडीला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारं देऊन टाकली. पुढं जगले तोवर अंगणात कुणी गाडी आणली की ते उठून आतल्या खोलीत जायचे आणि आवाज थांबेपर्यंत बाहेर येत नसत.