नऊ नंबरचे छर्रे

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो अरब मालक, बहिरी ससाणे पाळणारा माणूस. बंदुकीशी त्याचा संबंध नव्हता. पण त्या हिवाळ्यात त्याला एका इंग्रज भागीदाराने फेजंटच्या शिकारीला बोलावलं आणि आमच्या दोहाच्या ऑफिसात एक फॉर्म आला: काडतुसं कुठल्या नंबरची तयार ठेवायची?

फेजंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचाच भाऊबंद, शेपूट तेवढं लांब. त्याला सहा नंबर घ्यावा हे मला माहीत होतं. माझ्या वडिलांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक होती. कॉलेजात असेपर्यंत मी त्यांच्याबरोबर कुडाळजवळच्या रानात जायचो. डुकरांसाठी म्हणून निघायचं, आणि कधी एखादा रानकोंबडाही पडायचा, परवान्यात बसत नसला तरी. छर्‍याचं गणित उलटं असतं. नंबर चढत जातो तसा छर्रा बारीक होतो. नऊ नंबरचे दाणे मोहरीपेक्षा थोडेच मोठे. त्यांनी लांबचा पक्षी मरत नाही, नुसता जखमी होऊन झाडीत शिरतो आणि दोन दिवसांनी मरतो. असा पक्षी हातून गेला तर वडील तो सापडेपर्यंत जेवत नसत.

फॉर्म आला त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला होता. वडिलांची उजवी बाजू गेली होती. मला घरी जायचं होतं, आणि कफीलच्या सहीचा खुरूजचा, म्हणजे देशाबाहेर जायच्या परवानगीचा, कागद असल्याशिवाय विमानतळावरून कोणी बाहेर सोडत नसे. कफील दुसर्‍याच दिवशी इंग्लंडला निघणार होता, तीन आठवड्यांसाठी. म्हणजे सही त्या दिवशी, नाहीतर तीन आठवड्यांनी.

मी दोन्ही कागद घेऊन त्याच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, गेलो. त्याचे तीन चुलतभाऊ गाव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, पेले घेऊन बसले होते. त्याने फॉर्म बघितला.

"तुझे वडील शिकारी ना? सांग कुठला नंबर." आणि मी तोंड उघडायच्या आत भावांकडे वळून म्हणाला, "मोठा पक्षी आहे. नऊ सगळ्यात मोठा. बरोबर ना?"

चारचौघांत कफीलची चूक काढायची नसते, हे तिथे पहिल्या महिन्यात कळतं. हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण हातातला खुरूजचा कागद होता.

"नाइन, सर. परफेक्ट."

"यल्ला," तो म्हणाला आणि माझ्या कागदावर सही केली. वाचलाही नाही.

मी नऊ लिहून फॉर्म पाठवला. संध्याकाळी इंग्लंडहून उलट फॅक्स आला. बिचार्‍यांनी फार अदबीने विचारलं होतं: फेजंटसाठी नऊ नक्की का? सहसा पाच किंवा सहा वापरतात. तेव्हा मजलिस नव्हती, चुलतभाऊ नव्हते. सहाचा आकडा लिहायला मला कोणी अडवत नव्हतं. पण बदल कळवला तर कफील विचारणार, मग आधी का बोलला नाहीस, आणि एका फोनवर सही रद्द होऊ शकते. मी 'कन्फर्म्ड' लिहून फॅक्स पाठवला आणि फरीज बिन ओमरान वस्तीतल्या माझ्या खोलीवर जाऊन बॅग भरली.

वडील बाजेवर होते. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत. चौथ्या दिवशी त्यांना जरा हसवावं म्हणून मी हा सगळा किस्सा रंगवून सांगितला. अरबाची अक्कल, चुलतभावांच्या डोलणार्‍या माना, सगळं.

ते हसले नाहीत. "किती दीस शिकार?"

"तीन दिवस."

"आणि फॅक्स इल्लो, तरी तू नऊच धाडलंस?"

"तुमका बघूक मिळाचा म्हणान, बाबा."

ते म्हणाले, "तसा येवचा नाय होता."

मी बारा दिवस राहिलो. त्यांना भरवलं, पाठ पुसली, कूस बदलली. त्यांनी सगळं करू दिलं. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी भावाला बोलावून सांगितलं की बंदुकीचा परवाना त्याच्या नावावर करून घे. भाऊ कधी रानात गेला नव्हता. बंदुकीला हात लावायलाही तो घाबरायचा. तो माझ्याकडे बघायला लागला.

"दादाक नको," वडील म्हणाले. मी तिथेच उभा होतो.