कदमने ऑर्डर मोडली नव्हती

शांतिसेनेत आमच्या बटालियनचं पोस्टिंग झालं तेव्हा मी हवालदार होतो. काम सिग्नलचं, म्हणजे रेडिओ सेटवर बसायचं, आलेला मेसेज लिहून घ्यायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. देश आफ्रिकेतला. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. आमच्या कंपनीचा कॅम्प एका लहान शहरापासून चार किलोमीटरवर होता.

दिवस ठरलेला असे. ०५:३० ला पीटी, ०७:०० ला गस्त, १३:०० ला लंगरमध्ये जेवण, १८:०० ला रोलकॉल म्हणजे हजेरी. रविवारी दुपारनंतर ज्यांची ड्यूटी नसेल त्यांना सुट्टी. या सुट्टीत शहरातल्या शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलची मॅच व्हायची, शाळेचे मास्तर विरुद्ध आमचे जवान. ही कल्पना कंपनी कमांडर मेजर इनामदार यांची. लोकांशी संबंध चांगले राहावेत हा हेतू. मॅचचे फोटो वर सेक्टर हेडक्वार्टरला जायचे आणि तिथून साहेबांना शाबासकी यायची. रविवारच्या मॅचला जायची परवानगी कायमची होती, गेटवर वेगळं विचारावं लागत नसे.

इनामदार साहेब पुण्याचे. जवानांशी मराठीत बोलायचे. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी हेडक्वार्टरला स्वतः जाऊन त्यांनी माझी रजा मंजूर करून आणली होती. त्यांच्या शब्दासाठी मी काहीही केलं असतं, आणि पुढे तसं केलंही.

टीमचा कॅप्टन नायक दत्ताराम कदम. वय चौतीस, घरी बायको आणि दहावीतली मुलगी. त्याच्याबरोबर नेहमी शिपाई सचिन पाटोळे असायचा. चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. दोघे बाकीच्यांच्या आधी अर्धा तास जिप्सी घेऊन जायचे, नेट बांधायचे, मग टीम ट्रकमधून पोचायची.

त्या रविवारी ११:४० ला सेक्टरकडून मेसेज आला. शहरात शांतिसैनिकांवर हल्ल्याची शक्यता, पुढच्या सूचनेपर्यंत ड्यूटीशिवाय कोणीही बाहेर जाऊ नये, सर्वांना कळवावे. मी तो लिहून घेतला आणि ११:४५ ला साहेबांच्या ऑफिसात नेऊन दिला. त्यांनी वाचला.

"परवाही असाच आला होता," ते म्हणाले.

"साहेब, व्हॉलीबॉलवाले अडीचनंतर निघतील."

"जाऊ दे. आज सेक्टरहून फोटोवाला येणार आहे. मास्तरांनाही कळवलंय."

"मेसेज सगळ्यांना सांगू?"

"संध्याकाळी रोलकॉलला सांगू."

मी सॅल्यूट करून बाहेर आलो. १३:१० ला लंगरमध्ये कदम माझ्यासमोरच जेवत होता. "हवालदार, येताय का मॅचला?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "ड्यूटी आहे." त्याला मेसेजबद्दल बोललो नाही. साहेबांनी संध्याकाळी सांगू म्हटलं होतं.

१४:५० ला पाटोळेचा आवाज आला. "कंट्रोल, पोचलो. नेट बांधतोय. ओव्हर."

१५:०७ ला कदम. "कंट्रोल, फायरिंग. पाटोळे पडला. दोन माणसं, मोटरसायकलवर."

"कदम, आडोसा घे. क्यूआरटी निघतेय."

"इथे पोरं आहेत, हवालदार."

त्यानंतर सेटवर काही आलं नाही. मी एकवीस वेळा नाव घेऊन हाक मारली. सिग्नल लॉगमध्ये, म्हणजे सेटच्या नोंदवहीत, तसं लिहिलंय, किंवा लिहिलं होतं.

क्यूआरटी म्हणजे हाकेसरशी निघणारी तुकडी. ती १५:२१ ला मैदानावर पोचली. टीमचा ट्रक अजून कॅम्पातून निघायचा होता, तो थांबवला. मोटरसायकल निघून गेली होती. मॅच बघायला जमलेली शाळेतली मुलं वर्गात होती, त्यांना काही झालेलं नव्हतं. कदम वर्गाच्या दारासमोर पडला होता. त्याच्या अंगावर हाफपँट आणि टीमची जर्सी होती. दोघांकडेही शस्त्र नव्हतं, कारण ते ड्यूटीवर नव्हते. १६:०५ ला दोघांना कॅम्पात आणलं. मी सेटवरून उठलो नाही. माझ्या जागी बसायला दुसरा माणूस आला, तरी मी उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"उद्या कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसतेय. हे वाच."

कागदावर माझं नाव होतं. मजकूर असा की, मेजर इनामदार यांनी १२:१५ ला नायक कदम यांना माझ्यासमोर मॅच रद्द केल्याचं सांगितलं. तरीही नायक कदम शिपाई पाटोळे यांना घेऊन निघून गेले.

"साहेब, असं झालं नाही."

"मला माहिती आहे काय झालं. आता ऐक. मी मेसेज दाबला असं निघालं तर सगळी कंपनी काळं तोंड घेऊन परत जाईल. तू, मी, सगळे. ती दोघं तर आता परत येत नाहीत."

"कदमच्या नावाला बट्टा लागेल."

"काही लागणार नाही. इन्क्वायरी कपाटात बंद होते. त्यांच्या घरच्यांना सन्मानाने सगळं मिळेल. दोन्ही नावं स्मारकावर येतील. माझा शब्द आहे, शेडगे."

मी सही केली. तेव्हा माझी नायब सुभेदारीची शिफारस त्यांच्याच टेबलावर होती, हेही इथे सांगून टाकतो. तिच्यासाठी सही केली असं मी स्वतःशी कधी म्हटलं नाही. पण तिचा विचार आलाच नव्हता असं सांगितलं तर तेही खोटं होईल.

युनिट देशात परतलं. वर्षभराने रेजिमेंटच्या स्मारकावर नवी नावं कोरली गेली. परेड झाली, नावं वाचून दाखवली. कदम आणि पाटोळे त्यात नव्हते. ऑर्डर मोडून बाहेर गेलेल्याचं नाव तिथे येत नाही, असा निकाल झाला होता. परेड सुटल्यावर मी इनामदार साहेबांना गाठलं. ते आता लेफ्टनंट कर्नल होते.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"वरून आलंय, शेडगे. माझ्या हातात काही नाही." एवढं बोलून ते गाडीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला त्याचाच राग जास्त आला. ज्या माणसावर मी घरच्यासारखा विश्वास टाकला, त्याने मला वापरून घेतलं होतं. आणि कदमने माझ्यावर टाकलेला विश्वास मी त्याच माणसाच्या हातात नेऊन दिला होता.

मी नायब सुभेदार झालो. रिटायर झालो. बायको वारल्यावर मुलगा मला सिंगापूरला घेऊन आला. सेंगकांगला त्याचा फ्लॅट आहे. सकाळी नातीला एलआरटीच्या छोट्या ट्रेनने शाळेत सोडायचं, भाजी आणायची, चारला तिला परत आणायचं. माझा दिवस पुन्हा घड्याळाला बांधला गेला आणि ते मला बरं वाटलं.

मागच्या वर्षीच्या गणपतीत टॅम्पिनीसच्या कम्युनिटी क्लबमध्ये आपली मंडळी जमली होती. मुलाने कुणाशी तरी ओळख करून देताना सांगितलं, "बाबा आर्मीत होते, शांतिसेनेतही जाऊन आलेत." शेजारी उभ्या असलेल्या मुलीने युनिट विचारलं. मी सांगितलं. 

"माझे बाबा त्याच युनिटमध्ये होते. नायक दत्ताराम कदम. मी स्नेहल."

ती इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करते, क्लेमेंटीत खोली भाड्याने घेऊन राहते. मला एकदा भेटायचं आहे म्हणाली. मी हो म्हटलं आणि पुढचे आठ दिवस तिचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, त्या मुलीने मला फोन केला. काय प्रॉब्लेम आहे?" मी त्याला सगळं सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मग जा." एवढंच.

शनिवारी ११:०० ला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, भेटलो. तिने दोन कॉफी आणल्या. मी बोलायच्या आधी तिनेच विचारलं.

"काका, बाबांनी ऑर्डर का मोडली?"

मोडली का, असं ती विचारत नव्हती. का मोडली, असं विचारत होती.

"आई म्हणायची, त्या माणसाला आपल्यापेक्षा खेळ मोठा होता. मीही तेच धरून मोठी झाले. मला फक्त कळायला हवंय, असं काय होतं त्या मॅचमध्ये?"

"स्नेहल, त्याने ऑर्डर मोडली नाही. त्याला ऑर्डर मिळालीच नव्हती."

मी क्रमाने सांगितलं. ११:४० चा मेसेज. साहेब काय म्हणाले. लंगरमध्ये मी काय बोललो नाही. कदमचं शेवटचं वाक्य. शाळेच्या हेडमास्तरांनी नंतर कॅम्पात येऊन सांगितलं होतं की कदमला आडोसा जवळ होता, पण तो उलट्या दिशेने मुलांकडे पळाला आणि त्यांना वर्गात ढकलून दारात उभा राहिला. हेडमास्तरांचं हे म्हणणं इन्क्वायरीत कुणी घेतलं नाही, टीममधल्या बाकीच्यांनाही कुणी विचारलं नाही. शेवटी मी माझ्या सहीबद्दल सांगितलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, "सही करायच्या आधी तुम्ही किती वेळ विचार केलात?"

"दहा मिनिटं. फार तर."

"आई दीड वर्षापूर्वी गेली. तिला हे माहीत नव्हतं." ती उठली, पर्स उचलली. "मला आता तुमच्यासमोर बसवत नाही, काका." कॉफी तशीच ठेवून ती एमआरटी स्टेशनकडे निघून गेली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "हे सगळं लिहून द्याल? नोटरीसमोर?"

"देतो."

लिहायच्या आदल्या दिवशी मी इनामदार साहेबांना फोन केला. ते रिटायर होऊन पुण्यात आहेत. पाठीमागून काही बोलू नये म्हणून केला.

"साहेब, शेडगे बोलतोय. कदमच्या केसमध्ये खरं काय ते लिहून देतोय."

 ते म्हणाले, "तुझी सही आहे, शेडगे. आता उलट लिहिलंस तर खोटारडा तू ठरशील."

"ठरू दे, साहेब."

"मी तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरलास?"

"नाही. त्यामुळेच तर सही केली होती." मी फोन ठेवला. 

केस पुन्हा उघडावी म्हणून स्नेहलने आर्मीकडे केलेल्या अर्जासोबत माझं चार पानी निवेदन गेलं. पाटोळेच्या गावी त्याच्या भावाला मी फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आत्ता सांगताय होय," म्हणाला आणि फोन बंद केला. पुन्हा उचलला नाही. त्याचं बरोबर आहे.

सात महिन्यांनी उत्तर आलं. त्या काळातले सिग्नल लॉग नियमाप्रमाणे नष्ट केलेले आहेत. हवालदार शेडगे यांनी इन्क्वायरीपुढे स्वखुशीने दिलेलं मूळ निवेदन उपलब्ध आहे आणि तेच ग्राह्य धरण्यात येत आहे. केस पुन्हा उघडता येणार नाही. स्नेहलने मला ते फोनवर वाचून दाखवलं. स्वखुशीने हा शब्द तिने दोनदा वाचला.

ती पुन्हा अर्ज करणार आहे. वकील बघते आहे. मी जिवंत आहे तोवर जिथे बोलावतील तिथे जाऊन उभा राहणार आहे. तिने मला माफ केलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही. तरी महिन्यातून एकदा ती सेंगकांगला येते. जेवण झालं की वही काढते आणि म्हणते, "त्या दिवसाचं नको. त्याच्या आधीचं सांगा." आज तुम्ही इथल्या मराठी मंडळाने मला आर्मीच्या आठवणी सांगायला बोलावलंत, तर तिला जे सांगतो तेच तुम्हालाही सांगून थांबतो.

नायक दत्ताराम कदम डावखुरा होता. त्याची सर्व्हिस कुणाला परतवता यायची नाही, म्हणून मास्तर हरायला लागले की तो मुद्दाम उजव्या हाताने मारायचा. स्कोअरही तोच ठेवायचा आणि मास्तरांच्या बाजूने दोन-तीन पॉइंट जास्त धरायचा. मी एकदा पकडलं तेव्हा म्हणाला, "हवालदार, मॅच लवकर संपली तर कॅम्पात जाऊन काय करायचं?"

शिपाई सचिन पाटोळे स्कोअर ओरडून सांगायचा, तो तिथल्या भाषेत. त्या मुलांनीच त्याला आकडे शिकवले होते. चुकला की मुलं हसायची आणि तो मुद्दाम पुन्हा चुकायचा. त्याला पंधरापर्यंत येत होतं. आमचे सेट पंधराचेच असायचे.