रोज सहाची तपासणी

पलटणीतून सुटून मी बोर्ली पंचतनला परतलो, तेव्हा घरची भातशेती भाऊ माझ्याशिवाय नीट करत होता. वहिनी ताट वाढून आत निघून जायची. मी ओसरीवर आलो की चाललेलं बोलणं थांबायचं. सुटून आलेल्या शिपायांना त्या वर्षी मधपेट्या मिळत होत्या. मीही एक आणली आणि परसात फणसाखाली ठेवली. आत सातेरी जातीच्या मधमाश्या होत्या.

रोज सकाळी सहाला मी झाकण काढायचो. पोळ्याची एकेक चौकट उचलून निरखायची, तळ झाडायचा, सगळं जागच्या जागी ठेवायचं. बराकीत आमच्या ट्रंकांची तपासणी अशीच व्हायची. माशा डसायच्या. मला राग यायचा, पण निदान कुणीतरी माझी दखल घेत होतं.

विसाव्या दिवशी पेटी रिकामी निघाली. मधमाश्या पाळायला शिकवणारे मास्तर आले, तेव्हा मी त्यांच्यावरच डाफरलो. माशाच खराब दिल्यात, म्हणालो.

त्यांनी शांतपणे विचारलं, "किती दिवसांनी उघडत होता?"

"रोज."

"अहो, रोज उघडलं तर त्या घर सोडून जातात. आठवड्यातून एकदा बघायचं. एरवी त्यांचं त्यांना राहू द्यायचं."

मी रिकाम्या पेटीवर झाकण ठेवलं. मला घरच्यांनी तसंच राहू दिलं होतं. आणि मला रोज घर सोडून जावंसं वाटत होतं.