लाव्हा, नारळ आणि आमच्या विभागाचा व्हिडिओ

आमच्या विभागात दोन गोष्टी न मागता जमतात. दगड आणि किस्से! दगड तर कोणीही आणून देतं. "मॅडम, ह्यो जरा येगळा दिसतोय, हिरा-बिरा हाय का बघा." तो हिरा नसतोच, पण टाकवत नाही, म्हणून लेबल लावून कपाटात जातो. किश्शांना कपाट नाही. ते चहाबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर निघतात आणि दर वेळी थोडे वाढलेले असतात. त्यातले निम्मे तरी त्या एका व्हिडिओचे आहेत.

झालं असं, की भूगर्भशास्त्राला पोरं येईनात. वरून निरोप आला, यंदाही बाकं रिकामी राहिली तर तुमचा विभाग भूगोलात विलीन. माने सर आमचे विभागप्रमुख. निवृत्तीला आलेले, उभी हयात या विभागात काढलेली. आपल्या हातून दाराला कुलूप लागणार, या विचाराने त्यांचा चहा गोड लागेना. आणि मी पडले तासिका तत्त्वावरची. विभाग गेला की तासिका गेल्या, तासिका गेल्या की मी घरी! मग ठरलं, मुलाखतींचा एक झकास व्हिडिओ करायचा आणि आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांना पाठवायचा.

*

व्हिडिओवाला मिळाला मलकापूरचा संतोष. माणूस कामाला वाघ, पण आजवर फक्त लग्नं शूट केलेली. आल्या आल्या त्याने विचारलं, "मॅडम, मेन माणूस कोण?"

मी माने सरांकडे बोट दाखवलं. त्याने सरांना दगडांच्या कपाटापुढे उभं केलं. "सर, मान वाईच डावीकडं. नजर खाली. आता हळूच वर बघा... आन् हसा!"

"अरे, मी विभागप्रमुख आहे, नवरी नाही!"

"तेच म्हणतोय सर, मग नवरीगत लाजताय कशाला?"

त्याचा एक नियम होता. कॅमेरा बंद करायचा नाही. "लग्नात खरी मजा अक्षता पडल्यावर असती, मॅडम," असं तो म्हणायचा. तेव्हा आम्ही हसलो.

*

सरांना मी पहिलाच प्रश्न अगदी सोपा विचारला. "सर, आपल्या विभागाची सुरुवात कशी झाली?"

सरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी..."

झालं! जमीन फाटली, लाव्हा बाहेर आला, सह्याद्री घडायला लागला. शिपाईमामा चहा घेऊन आले, कप गार झाले, पण लाव्हा काही गार होईना. शेवटी संतोषच म्हणाला, "सर, ह्यात आपलं डिपार्टमेंट कवा येतंय?"

त्या सगळ्यातून हाती लागलं एकच वाक्य, पण बावनकशी. सर प्रत्येक बॅचला ते सांगत आलेत. "एक रीडिंग म्हणजे अफवा. दोन रीडिंग म्हणजे शंका. तीन घ्या, मग तोंड उघडा!" संतोष जाम खूश झाला. आणि सरांनी ते वाक्यही तीनदा म्हणून दाखवलं.

*

विद्यार्थ्यांतर्फे बोलायला वाईची प्राजक्ता. एरवी ही बोलायला लागली की कॉरिडॉर बंद पडतो. कॅमेरा लागला आणि हिच्या तोंडून भाषा निघाली ती थेट निमंत्रणपत्रिकेतली. "सदर विभागामध्ये आम्हांस उत्तम मार्गदर्शन लाभते..."

मी म्हटलं, "अगं, साधं बोल. भूगर्भशास्त्र का घेतलंस?"

"बॉटनीला नंबर न्हाई लागला."

"इतकंही साधं नको!"

शेवटी 'लहानपणापासून आवड होती' यावर तडजोड झाली. तिने ती क्लिप हौसेने घरी पाठवली. लगेच आईचा फोन! स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. "आवड कवा हुती गं तुला? बापानं घराम्होरं मुरूम टाकला तवा एक घमेलं उचललं न्हाईस!"

*

माजी विद्यार्थ्याची मुलाखत साताऱ्याजवळ, त्याच्या घरच्या अंगणात. मुलगा बोगद्यांच्या कामावर मोठा अधिकारी. छान बोलत होता. मध्येच त्याची आई पदर सावरत फ्रेममध्ये आली आणि मला म्हणाली, "बाई, खरंच का ओ ह्याला दगडं बघायचा पगार देत्यात?"

"हो काकू, चांगला देतात."

"आवं मग आमच्या रानात बी लय दगडं हायती. ह्याला हितंच लावा की कामाला!"

*

मग आमचा हुकमी एक्का, कवठे महांकाळकडचे तात्या. कोरडवाहू रान. आमच्या विभागाने जमिनीत वीज सोडून पाणी शोधायचं यंत्र लावलं, सरांनी जागा दाखवली आणि बोअरला बदाबदा पाणी लागलं. आता सरांचं उभ्या हयातीतलं वैर एकाशीच, पाणाड्याच्या नारळाशी. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानात हिंडायचं आणि तो उभा राहिला की खाली पाणी, हे कोणी नुसतं म्हटलं तरी सरांचा पारा चढतो. "नारळ चटणीत घालायचा असतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तेव्हा तात्यांच्या तोंडून विज्ञानाचा विजय रेकॉर्ड करायचा, असा बेत होता.

तात्या कॅमेऱ्यापुढे ताठ बसले. "सरांनी मशिन लावलं. म्हणाले, हितं पाणी हाय. मग आमी पाणाड्या आणला. त्येचा नारळ बी तितंच उभा राह्यला. तवा म्हटलं, व्हय, सर हुशार हायती!"

सरांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

त्यात तात्यांना खालच्या कोपऱ्यात दुसरं बोअर मारायचं होतं. सकाळीच सरांनी तिथे यंत्र लावून बघितलं होतं. "तिथं पाणी नाही तात्या. टिपूस नाही." मग रीतीप्रमाणे तात्यांनी सरांचा सत्कार केला. फेटा, शाल, श्रीफळ. आणि आम्ही सगळे वस्तीवर जेवायला निघालो. सर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच."

*

विभाग वाचला, हे आधीच सांगून टाकते. यंदा बाकं भूगोलाकडून उसनी आणली! प्रवेशाला आलेलं प्रत्येक पोरगं दारातून डोकावून विचारतं, "ते सर हितंच असत्यात का?" तर त्यामागची गोष्ट ही.

मलकापूरला संतोषच्या स्टुडिओत आम्ही तिघं व्हिडिओ बघायला बसलो होतो. तात्यांनी केलेला सत्कार संपला आणि पडद्यावर रिकामं रान आलं. स्टँडवरचा कॅमेरा चालूच राहिला होता. सरांच्या कॉलरचा माईकसुद्धा.

फेटा आणि शाल तशीच, असे माने सर फ्रेममध्ये आले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. सत्काराचा नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि जपून पावलं टाकत खालच्या कोपऱ्याकडे निघाले.

कोपऱ्यात नारळ उभा राहिला.

सर थांबले. चष्मा काढून शालीला पुसला, परत घातला. माईकमध्ये स्पष्ट ऐकू आलं, "एक." मग ते माघारी फिरले, जिथून निघाले होते तिथे जाऊन उभे राहिले आणि पुन्हा चालायला लागले. कोपऱ्यात नारळ पुन्हा उभा. "दोन." तेवढ्यात बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला.

संतोष हळूच म्हणाला, "सर, ह्ये कट करतो. कुणाला कळायचं न्हाई."

मीही म्हटलं, "काढूया सर. लोक हसतील तुम्हाला."

सर म्हणाले, "हसू देत. हसायला तरी येतील पोरं. आली की शिकवू."

सर उठले, चपला घातल्या आणि दारातून वळून संतोषला म्हणाले, "पण तिसरं रीडिंग बी घेतलं हुतं मी. बॅटरी जास्तीची ठेवायची न्हाई व्हय रं?"